हृदयाची सीटी अँजिओग्राफी मेडिक्लेममध्ये बसते का? पुणेकरांसाठी क्लेमची माहिती

डॉक्टरांनी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी किंवा कॅल्शियम स्कोअर (दोन्ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅन-तपासण्या) करायला सांगितला की घरात पहिला प्रश्न निघतो तो मेडिक्लेमचा. नुसत्या तपासणीचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. वगळलेल्या खर्चांच्या यादीत कोड ०४ बघा: केवळ निदानासाठी ॲडमिट झालात, तर तो खर्च कंपनी देत नाही. त्यामुळे ‘एक रात्र ॲडमिट व्हा, क्लेम बसवून देऊ’ असं कुणी सुचवलं तरी तयार होऊ नका. क्लेम नाकारला गेला की सगळं बिल तुमच्याच गळ्यात पडतं.

पॉलिसीत ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता झालेल्या खर्चाचं) किंवा हेल्थ चेकअपची सोय असेल तर ती आधी वापरा. ती नसेल, तरी बिल फेकू नका. तपासणीत ब्लॉकेज निघालं आणि त्याच आजारासाठी अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली, तर ॲडमिट होण्याआधीचा खर्चही मागता येतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत ३० दिवसांची आहे, बाकी पॉलिसींची आपापली. अट एकच, मुख्य क्लेम मंजूर व्हायला हवा.

सगळ्यात जपायचा कागद म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. चढ चढताना छातीवर दाब येतो, धाप लागते, असा खरोखरचा त्रास तारखेसह त्यावर असू द्या. नुसतं ‘रूटीन चेकअप’ लिहिलेलं असेल, तर टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) तिथेच बोट ठेवतो. डिस्चार्ज समरी घरी नेण्याआधी वाचा. ब्लडप्रेशर ‘३ महिन्यांपासून’ऐवजी ‘३ वर्षांपासून’ असं चुकून पडलं, तर जुन्या, म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजाराचा मुद्दा निघतो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

क्लेम फॉर्मचा ‘अ’ भाग तुम्ही भरायचा, ‘ब’ हॉस्पिटलने. सोबत मूळ बिलं, पावत्या, रिपोर्ट, आधार, पॅन आणि कॅन्सल केलेला चेक. आरोग्य संजीवनीत डिस्चार्जपासून ३० दिवसांत हे सगळं द्यावं लागतं. झेरॉक्सचा एक संच घरी ठेवाच.

क्लेम बसला नाही, तर आयकराच्या जुन्या कररचनेत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रोख भरले असले तरी.

नकार चुकीचा वाटला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही; मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.