एव्हरग्लेड्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकाचा विस्तीर्ण उपोष्ण पाणथळ प्रदेश. दिसतो दलदलीसारखा, पण इथले पाणी साचलेले नाही, वाहते आहे. पूर्वी पावसाळ्यात ओकीचोबी सरोवराच्या दक्षिण काठावरून सांडलेले पाणी घोटाभर-गुडघाभर खोलीच्या रुंद थराने समुद्राकडे सरकत असे. उतार किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटिमीटर, त्यामुळे पोहोचायला महिने लागत. इथल्या सेमिनोल या मूलनिवासी लोकांचे ‘पा-हाय-ओकी’, म्हणजे गवताळ पाणी, हे नाव चपखल आहे. मात्र इथले मुख्य ‘गवत’ सॉग्रास हे गवत नव्हेच. करवतीसारख्या कडांची ही वनस्पती आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली.

पाण्याची निकसता हे या परिसंस्थेचे बळ. बहुतेक पाणी पावसाचे, तळाशी चुनखडक, फॉस्फरस नाममात्र. सॉग्रास आणि शैवाल-जीवाणूंचे थर अशा उपाशी पाण्यातच तगतात. सरोवराच्या दक्षिणेकडील ऊसशेतीतून खतांचा फॉस्फरस उतरला, की पाणकणीस माजते आणि सॉग्रास हटतो.

मे ते ऑक्टोबर पावसाळा. पुढे पाणी आटते, मासे उरलेल्या डबक्यांत कोंडतात. यांतली कित्येक डबकी ॲलिगेटर या मगरीच्या भाऊबंदांनीच उकरलेली असतात. आपले बगळे पावसाळ्यात घरटी बांधतात. इथले पाणपक्षी कोरड्या ऋतूत, कारण पिलांना भरवायला मासे तेव्हाच दाटीने मिळतात. चित्रबलाकाचा अमेरिकी भाऊबंद वुड स्टॉर्क तर चोचीला मासा लागेल तेव्हाच ती मिटतो. भलत्या वेळी कालव्यातून पाणी सोडले, तर मासे पांगतात आणि पक्षी घरटी सोडून जातात. ॲलिगेटर आणि अमेरिकी मगर निसर्गात एकत्र राहतात ते दक्षिण फ्लॉरिडातच.

१९२८ च्या चक्रीवादळात सरोवर फुटून हजारो माणसे दगावली. मग बांध उंचावले आणि १९४८ पासून कालव्यांचे मोठे जाळे विणले गेले. मूळ पाणथळीपैकी निम्मीच उरली. १९४७ साली राष्ट्रीय उद्यान झाले खरे, पण पाण्याच्या किल्ल्या उद्यानाबाहेरच राहिल्या. २००० साली पुनरुज्जीवनाचा प्रचंड प्रकल्प मंजूर झाला; बांधासारखा आडवा पडलेला टामियामी रस्ताही आता ठिकठिकाणी पुलांवर उचलला आहे. पाळून सोडून दिलेल्या ब्रह्मी अजगरांचे संकट वेगळेच. २०१७ मध्ये त्यांना हुडकायला तमिळनाडूतून इरुळा समाजाचे दोघे कसलेले जाणकार नेले होते.

मायामी परिसराचे पिण्याचे पाणी बिस्केन जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या खडकथरातून येते, आणि तो भरायला एव्हरग्लेड्सचे पाणी हातभार लावते. वरचा गोड्या पाण्याचा दाब घटला, की सच्छिद्र चुनखडकातून समुद्र आत शिरतो आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या होतात.