एक्सएमएलची पार्श्वभूमी: छापखान्याची शिस्त आणि वेबची सवय

एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या भागांना टॅग, म्हणजे कोनी कंसातल्या खुणा, लावून त्याची रचना नोंदवण्याची भाषा. ती शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यासमोर डीटीडी, नेमस्पेस, स्कीमा, एक्सपाथ, एक्सएसएलटी अशी नावांची रांग उभी राहते आणि टॅग लावलेल्या साध्या मजकुराला एवढा लवाजमा कशासाठी, असा प्रश्न त्याला पडतो. या तंत्राचा उगम वेबमध्ये नसून दस्तऐवजांच्या छपाईत आणि जतनात आहे, हे लक्षात घेतले की बराच उलगडा होतो.

१९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे कायदेविषयक कागदपत्रे संगणकावर हाताळण्याच्या प्रकल्पावर काम करत होते. एकच मजकूर संपादन, शोध आणि छपाई या तिन्ही कामांना वापरायचा, तर तो कसा दिसावा यापेक्षा त्यातला कोणता भाग काय आहे हे नोंदवले पाहिजे, या विचारातून जीएमएल ही खुणांची भाषा तयार झाली. तिचा विस्तार असलेली एसजीएमएल १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. मोठ्या संस्थांच्या तांत्रिक दस्तऐवजांना ती मानवली, पण ती अवजड होती. डीटीडीने, म्हणजे कोणते टॅग कुठे यावेत हे ठरवणाऱ्या नियमावलीने, परवानगी दिल्यास भाग संपवणारा टॅग गाळता येई आणि त्यामुळे डीटीडी हाताशी असल्याशिवाय मजकुराची रचना खात्रीने वाचता येत नसे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेसाठी टॅगची पद्धत एसजीएमएलकडूनच घेतली, शिस्त मात्र मागे राहिली. चुकीची एचटीएमएलही ब्राउझर सांभाळून दाखवत असत. वेब झपाट्याने पसरली त्यात या उदारपणाचा वाटा मोठा होता, आणि पुढचा संघर्षही त्यातूनच उभा राहिला.

१९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन बोसाक यांच्या नेतृत्वाखाली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एसजीएमएल वेबसाठी सुटसुटीत करण्याचे काम हाती घेतले. टिम ब्रे, जाँ पाओली आणि मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन यांनी संपादित केलेली एक्सएमएल १.० ही शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाली. प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे, म्हणजे डीटीडी नसतानाही मजकुराची रचना वाचता येईल, हा तिचा गाभा. रचनेत चूक सापडल्यास वाचणाऱ्या प्रोग्रामने नेहमीचे काम तिथेच थांबवावे, असाही नियम जाणीवपूर्वक घातला गेला. मजकूर आटोपशीर असण्याला फारसे महत्त्व नाही, हे तर उद्दिष्टांमध्येच लिहिलेले होते. एक्सएमएल पाल्हाळिक आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी ते कलम जरूर वाचावे. शिवाय पाया युनिकोडचा, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षरसंकेतांचा, होता. मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टमध्ये अडकलेली होती त्या काळात या मानकानुसार टॅगचे नावसुद्धा देवनागरीत लिहिता येत होते.

पुढची भर वेगाने पडली: १९९९ मध्ये नेमस्पेस (टॅगच्या नावांची सरमिसळ टाळण्यासाठी), एक्सपाथ (मजकुरातला हवा तो भाग गाठण्यासाठी) आणि एक्सएसएलटी (एका रचनेतून दुसरीत रूपांतरासाठी), २००१ मध्ये स्कीमा (रचनेचे नियम लिहिण्यासाठी). २००० मध्ये आलेल्या एक्सएचटीएमएलने एचटीएमएललाच एक्सएमएलच्या शिस्तीत आणू पाहिले, पण हा प्रयत्न फसला. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर नववी आवृत्ती येईपर्यंत एक्सएचटीएमएल तिच्या खऱ्या रूपात स्वीकारतच नव्हता, म्हणून बहुतेक लोक तीच पाने साधी एचटीएमएल म्हणून पाठवत आणि कडक नियम कागदावरच राहत. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळी वाट धरली. तिच्यातून एचटीएमएल५ आली. चूक झाल्यावर पान बंद पाडण्याऐवजी सर्व ब्राउझरांनी ती चूक एकाच रीतीने कशी सावरावी, हे तिने सविस्तर लिहून ठेवले. माझ्या मते वेबच्या बाबतीत हाच निर्णय शहाणपणाचा होता.

माहितीच्या देवाणघेवाणीतही असेच घडले. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये एक्सएमएलसाठी म्हणून दिली आणि २००५ मध्ये ती ‘एजॅक्स’ या नावाने गाजली, पण तिच्यावरून लवकरच डग्लस क्रॉकफर्ड यांचे जेसन हे माहिती लिहिण्याचे सुटसुटीत रूप वाहू लागले. जेसन थेट जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये उतरते, तर एक्सएमएलचे झाड फांदी-फांदीने चढावे लागते.

मात्र वाक्याच्या मध्येच खुणा कराव्या लागतात अशा मजकुराला जेसन सोयीचे नाही. म्हणूनच वर्डची डॉक्सएक्स फाइल, ईपब पुस्तके आणि एसव्हीजी चित्रे आजही आतून एक्सएमएलच आहेत. आकडेवारीच्या कामात मात्र दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात. भारतात २०११ पासून ठरावीक कंपन्या आपली वित्तीय विवरणपत्रे एक्सएमएलवर आधारलेल्या एक्सबीआरएलमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाला सादर करतात, आणि २०२० मध्ये सुरू झालेली जीएसटीची ई-इनव्हॉइस जेसनमध्ये पाठवावी लागते.