रसभरी
रसभरी हे वांगी, टोमॅटो आणि मिरची यांच्या सोलॅनेसी कुलातले, कागदी वेष्टनात वाढणारे आंबटगोड फळ. शास्त्रीय नाव फिजॅलिस पेरूव्हियाना. मूळ अँडीज पर्वतराजीतले. पेरूमध्ये त्याला अग्वायमांतो म्हणतात, कोलंबियात उचुवा. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात लागवड रुजल्यावर इंग्रजीत ते ‘केप गूजबेरी’ झाले. महाबळेश्वरला ‘गूजबेरी’ म्हणून मिळते तीही हीच. खऱ्या गूजबेरीशी किंवा रासबेरीशी तिचे काहीच नाते नाही.

खरी नवलाई वेष्टनाची. वांग्याच्या डोक्यावरची हिरवी टोपी म्हणजे फुलाचा निदलपुंज. फळाबरोबर ती थोडी वाढते आणि तिथेच राहते. रसभरीत मात्र पाकळ्या गळल्यावर हाच निदलपुंज फुगत जातो आणि फळाला चहूबाजूंनी कवेत घेतो. हिरवा असेपर्यंत तो पानासारखा अन्न तयार करून फळाला पोसतोही. पुढे तो वाळून पिवळट होतो, शिरांची जाळी उठून दिसते आणि हलक्या हाताने उघडला की आत गोटीएवढे केशरी, किंचित चिकट फळ सापडते. ही रचना फार जुनी आहे: अर्जेंटिनाच्या पातागोनियात सापडलेले सुमारे 5.2 कोटी वर्षांपूर्वीचे असे वेष्टित फळांचे जीवाश्म 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.

मेक्सिकोतला टोमॅटिलो हा तिचा सख्खा भाऊबंद. तो बहुधा हिरवाच तोडून साल्सा व्हेर्दे या चटणीत घालतात. मोठा झाला की वेष्टन फाडून बाहेर डोकावतो. त्याचे एकटे झाड सहसा फळत नाही, जवळ दुसरे लागते. रसभरीचे एकच झाड पुरते.

पावसाळ्यात आपल्या शेताबांधांवर उगवणारी चिरबोटी किंवा पोपटी (फिजॅलिस मिनिमा) याच प्रजातीची. तिची फुगीर टरफले कपाळावर आपटून फोडणे हा पोरांचा जुना खेळ. पिकलेली फळे खाल्लीही जातात. मात्र वेष्टनातले प्रत्येक फळ खाण्याजोगे नसते. अश्वगंधेची लाल फळेही अशीच झाकलेली असतात, ती खाऊ नयेत. रसभरीसुद्धा हिरवी असताना विषारी असते.

पेक्टिन भरपूर असल्याने रसभरीचा जॅम छान घट्ट होतो. वेष्टनासकट ठेवलेली फळे कित्येक आठवडे टिकतात, म्हणून आणल्या आणल्या सगळी सोलू नयेत. पूर्ण पिकलेले फळ वेष्टनासह आपोआप गळते. झाडाखाली वेचलेले सर्वांत गोड लागते.