एक्सेटरची राजतलवार

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं एक्सेटर हे शहर, आणि तिथली ही तलवार म्हणजे राजा सातव्या हेन्रीने 1497 मध्ये शहराच्या इमानाबद्दल दिलेली भेट. तलवारीसोबत त्याने एक टोपीपण दिली होती, तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं.

हेन्रीसाठी ते वर्ष फार वाईट गेलं. स्कॉटलंडच्या लढाईसाठी लावलेल्या करामुळे डेव्हनच्या पश्चिमेला असलेल्या कॉर्नवॉल परगण्याचे लोक आधीच भडकलेले, जूनमध्ये ते थेट लंडनजवळ ब्लॅकहीथपर्यंत चालून गेले आणि तिथे हरले. मग सप्टेंबरमध्ये पर्किन वॉरबेक कॉर्नवॉलला उतरला. हा मूळचा आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावचा, पण लंडनच्या टॉवर किल्ल्यात गायब झालेल्या दोन राजपुत्रांपैकी धाकटा रिचर्ड तो मीच आणि गादी माझी, असं तो सांगत होता, आणि कॉर्नवॉलची हजारो माणसं त्याच्यामागे निघाली. वाटेत एक्सेटर लागलं. बंडवाल्यांनी वेशीचे दरवाजे जाळले, आत घुसायचा प्रयत्न केला, पण शहराने दाद दिली नाही आणि दोन दिवसांत त्यांना टाँटनकडे निघून जावं लागलं, तिथून तर वॉरबेक स्वतःच रात्रीचा पळाला. एक्सेटर पडलं असतं तर या बंडाला तटबंदीचं मोठं शहर मिळालं असतं, त्यामुळे राजाला वाटलेली कृतज्ञता खरीच असणार असं मला वाटतं.

ऑक्टोबरमध्ये हेन्री स्वतः आला आणि कॅथेड्रलच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चच्या, शेजारच्या घरात उतरला. शहराच्या जुन्या इतिहासात असं सांगतात की गळ्यात दोर घातलेले बंडखोर त्याच्यासमोर आणले, ते नीट दिसावेत म्हणून अंगणातली झाडंसुद्धा तोडली होती, आणि शेवटी त्याने त्यांना माफ केलं. मग आपल्या कमरेची तलवार आणि डोक्यावरची टोपी त्याने मेयरला दिली.

यात खरी किंमत पात्याची नाही, हक्काची आहे. तलवार हे राजसत्तेचं चिन्ह, त्यामुळे मेयरच्या पुढे ती टोक वर धरून चालवायचा मान राजाच्या मर्जीनेच मिळायचा, आणि टोपी तलवार धरणाऱ्या माणसाने घालायची. यॉर्क आणि लिंकन या शहरांना असाच मान राजा दुसऱ्या रिचर्डकडून मिळाला होता. एक्सेटरकडे राजा चौथ्या एडवर्डची म्हणून ओळखली जाणारी आणखी एक तलवारपण आहे. हेन्रीची तलवार आणि टोपी दोन्ही शहराने हाय स्ट्रीटवरच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या सभागृहात, जपून ठेवल्यात, आणि 2002 पासून तिथल्या मेयरला लॉर्ड मेयर म्हणतात.