‘टाइम’चं घराणं: उभं राहिलं कसं, विकलं गेलं कसं

५ जानेवारी १९३१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने १९३० मधली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणून गांधीजींना मुखपृष्ठावर घेतलं. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात १२ जानेवारीला सोलापूरचे चार हुतात्मे फासावर चढले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. त्यांचं पत्र सोलापूरबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. ‘टाइम’ मात्र तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं असूनही अमेरिकेत नावारूपाला आलं होतं. त्या ‘टाइम’च्या कंपनीचं पुढे काय झालं, त्याची ही हकिगत.

हेन्री ल्यूस आणि ब्रिटन हॅडन हे येल विद्यापीठातले दोस्त. मार्च १९२३ मध्ये त्यांनी ‘टाइम’ काढलं. हॅडन १९२९ मध्येच वारला आणि कारभार ल्यूसच्या हाती आला. ऐन मंदीत, १९३० मध्ये, त्याने उद्योगजगतासाठी ‘फॉर्च्यून’ सुरू केलं. १९३६ मध्ये छायाचित्रांचं ‘लाइफ’ आलं, १९५४ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’. संपादकीय विभागात जाहिरातवाल्यांनी लुडबुड करायची नाही, हा या घराचा दंडक होता.

टीव्हीने जाहिराती ओढून नेल्या आणि १९७२ च्या अखेरीस साप्ताहिक ‘लाइफ’ बंद पडलं. त्याच वर्षी कंपनीने ‘एचबीओ’ ही केबल वाहिनी सुरू केली होती. मासिकांच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या या धंद्यानेच पुढे मासिकांना दुय्यम करून टाकलं. १९७४ मध्ये आलेलं, नामवंतांच्या बातम्यांचं ‘पीपल’ मात्र धो धो चाललं.

१९८९ मध्ये सिनेमावाल्या ‘वॉर्नर कम्युनिकेशन्स’शी शेअरांच्या अदलाबदलीने, म्हणजे कर्ज न काढता, एक व्हायचं ठरलं होतं. मध्येच ‘पॅरामाउंट’ या दुसऱ्या सिनेमा कंपनीने ‘टाइम’ गिळंकृत करण्यासाठी बोली लावली. तिला चुकवायला कंपनीने कर्ज काढून वॉर्नर विकत घेतली. माझ्या मते घसरण इथूनच सुरू झाली. घर वाचलं, पण गहाण पडलं. जानेवारी २००० मध्ये इंटरनेटवाल्या ‘एओएल’शी विलीनीकरण जाहीर झालं. त्याच वर्षी डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरांचा, फुगा फुटला, आणि २००२ मध्ये या जोड-कंपनीने जवळपास ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. २००९ मध्ये ‘एओएल’ला वेगळं काढलं.

जून २०१४ मध्ये मासिकांनाही वेगळं केलं. वाटणी करताना सिनेमा आणि वाहिन्या थोरल्या घराने ठेवून घेतल्या. मासिकांच्या पदरात मात्र अब्जाहून अधिक डॉलरचं कर्ज टाकलं. छापील जाहिराती आटत असताना हे ओझं पेलणं अवघडच होतं. संपादकांनी व्यवस्थापनाला विचारून चालायचं, असा बदल याच सुमारास झाला. ल्यूसचा दंडक तिथे मोडला.

आयोवा राज्यातल्या ‘मेरेडिथ’ने जानेवारी २०१८ मध्ये ही कंपनी कर्जासह सुमारे २.८ अब्ज डॉलरला घेतली आणि लगेच तुकडे विकायला काढले. बंद पडलेल्या गिरणीच्या जागेचे प्लॉट पाडतात, तसंच हे. ‘टाइम’ १९ कोटी डॉलरला ‘सेल्सफोर्स’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या मार्क बेनिऑफ दांपत्याने घेतलं, तर ‘फॉर्च्यून’ १५ कोटींना एका थाई उद्योगपतीकडे गेलं. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ ११ कोटींना गेलं. ते घेणारी ‘ऑथेंटिक ब्रँड्स’ कंपनी स्वतः मासिक काढत नाही. नाव भाड्याने देते आणि छापायचं काम भाडेकरूवर सोडते. भाडेकरूने हप्ता थकवला म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तो करारच रद्द झाला आणि मासिक दुसऱ्याकडे गेलं.

२०२१ मध्ये खुद्द मेरेडिथची मासिकंही, ‘पीपल’सकट, ‘डॉटडॅश’ या इंटरनेट कंपनीने विकत घेतली. पुढच्याच वर्षी ‘एंटरटेनमेंट वीकली’सह सहा मासिकांची छपाई थांबली. २०२५ मध्ये कंपनीने नाव बदलून ‘पीपल इन्क.’ केलं. ‘पीपल’ अजून कमावतं, म्हणून पाटी त्याच्या नावाची.