डिस्कशन आणि डिबेट: दोहोंना ‘चर्चा’च म्हणावे काय?

इंग्रजीतील ‘डिस्कशन’ आणि ‘डिबेट’ या दोन्ही शब्दांसाठी आपण ‘चर्चा’ म्हणून मोकळे होतो, आणि मग पंचायतीची नोटीस इंग्रजीत लिहायला बसले की नेमका कोणता शब्द घालावा, असा पेच पडतो. डिबेटला ठराव आणि त्याच्या दोन बाजू लागतात. डिस्कशनला नुसता विषय पुरतो.

शाळेतील वादविवाद स्पर्धा पाहावी. विद्यार्थिनी चिठ्ठी उचलते, तीत ‘प्रतिकूल’ निघते, आणि ठराव मनातून पटत असला तरी तिला त्याच्याविरुद्धच बोलावे लागते. तिथे मत बदलणे म्हणजे हरणे. याउलट गोव्यातील मांडवीकाठच्या एखाद्या गावात, खाजन शेतांत (भरतीचे पाणी बांधाने अडवून केलेल्या सखल शेतांत) खारे पाणी का शिरते, यावर ग्रामसभेत बोलणे निघाले, तर कोणी मानशीचे दार गळते (‘मानस’ म्हणजे बांधातील पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे असलेली वाट) असे सांगतो, कोणी बांधाला पडलेले भगदाड दाखवतो, आणि दाराचा दोष धरून बसलेला माणूस भगदाडाची हकिकत ऐकून आपले म्हणणे सोडून देतो. यात कोणी हरत नाही. हे डिस्कशन.

१६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळा संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी दोनच चिन्हे होती. त्यापूर्वी तिथे जे वाक्‌युद्ध रंगले ते काटेकोर अर्थाने डिबेटच होते.

आपल्या परंपरेला हा भेद नवा नाही. न्यायदर्शन या प्राचीन तर्कशास्त्रात तत्त्व जाणण्यासाठी चालते ती कथा (म्हणजे दोन पक्षांतील बोलणे) ‘वाद’, आणि केवळ जिंकण्यासाठी चालते ती ‘जल्प’. गंमत अशी की आजच्या मराठीत ‘वाद’ म्हटले की भांडणच आठवते, त्यामुळे डिस्कशनसाठी तो शब्द आता कामाचा राहिलेला नाही. डिबेटला ‘वादविवाद’ आणि डिस्कशनला ‘चर्चा’ किंवा ‘विचारविनिमय’ म्हणावे, हे मला बरे वाटते.

वापरातली एक चूक मात्र फार दिसते. मराठीत आपण एखाद्या विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही ‘वुई डिस्कस्ड अबाऊट द बजेट’ असे लिहून जातो. ‘डिस्कस’ हे क्रियापद सकर्मक असल्याने तिथे ‘अबाऊट’ नको. ‘वुई डिस्कस्ड द बजेट’ एवढेच पुरे. नामाला मात्र तो चालतो: ‘अ डिस्कशन अबाऊट द बजेट’. ग्रामसभेच्या त्या नोटिशीत म्हणूनच ‘टू डिस्कस द रिपेअर ऑफ द मानस’ असे लिहावे.