माळरानावरील पक्ष्यांचे संवर्धन

दख्खनच्या पर्जन्यछायेतील गवताळ माळांवर राहणाऱ्या, बहुतांशी जमिनीवरच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे आणि त्यांच्या अधिवासाचे रक्षण. महाराष्ट्रात हा पट्टा मुख्यत्वे सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सातारा-सांगलीचा पूर्व भाग आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर, बारामती, दौंड या तालुक्यांत आढळतो. पाऊस बेताचा, माती पातळ, खाली मुरूम. त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते आणि मधूनच एखादी बोर, हिवर किंवा बाभूळ. माळढोक, तणमोर, धाविक, माळटिटवी, पखुर्डी, लावा आणि चंडोल हे इथले पक्षी. हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येतात आणि रात्री थव्याने गवतातच बसतात. लांडगा, खोकड आणि काळवीट हे त्यांचे शेजारी.

या अधिवासाचे मोठे दुर्दैव म्हणजे त्याची सरकारदरबारी झालेली नोंद. ज्यातून सारा मिळत नाही ती जमीन पडीक, हा इंग्रजी अमदानीतला हिशेब अजून पुरता गेलेला नाही. त्यामुळे औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, खडी क्रशर यांना जागा हवी झाली की बोट आधी माळाकडे जाते. उरलेल्या माळावर उत्साहाने वृक्षारोपण होते. जेसीबीने समतल चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी लावली की सावलीत गवत विरळ होते, कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीसाठी फांद्या मिळतात, आणि दूरवर नजर टाकून धोका ओळखणारा पक्षी ती जागा सोडतो. माळावर झाड न लावणे हेही संवर्धन असते, ही गोष्ट हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात पटवून देणे अवघड जाते.

माळढोकाची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. सुमारे मीटरभर उंचीचा हा पक्षी उडू शकणाऱ्या वजनदार पक्ष्यांपैकी एक. मोठा नर १५ किलोच्या आसपास भरतो. मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. सोलापूरजवळच्या नान्नज येथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात वन विभागाने राखलेल्या गवताच्या कुरणांत माळढोक टिकून होते. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौ. किमी. त्यात खाजगी शेते, गावे, बाजारपेठा सगळेच आले. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे अडू लागली तसा लोकांचा राग पक्ष्यावर निघू लागला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौ. किमी करण्यात आले. कागदावर अवाढव्य आणि जमिनीवर दुबळे अशा संरक्षणाने शेतकरी दुखावला आणि पक्षीही वाचला नाही, असेच म्हणावे लागते.

दरम्यान शेतीही पालटली. ज्वारी, करडई, हरभरा, भुईमूग या पिकांत माळढोक चरत असे. दाणे आणि टोळ दोन्ही मिळत. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, द्राक्षबागा आल्या. सोनाका ही द्राक्षाची प्रसिद्ध जात नान्नजचीच. उसाच्या फडात किंवा बागेच्या तारांमध्ये या पक्ष्याला काहीच काम नाही. आज महाराष्ट्रात माळढोक क्वचितच दिसतो. देशभरात दीडशेहून कमी उरले असून बहुतेक जैसलमेर भागात आहेत. समोरचे कमी दिसत असल्याने ते उच्चदाब वीजवाहिन्यांवर आदळून मरतात. राजस्थान-गुजरातमधील वाहिन्या जमिनीखालून नेण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून बंदिस्त प्रजननाचे काम चालू आहे. पण तिथे वाढलेली पिल्ले सोडायची तर माळ शिल्लक हवा.

माळढोकापुरते थांबून चालणार नाही. बाकीचे पक्षी अजून आहेत आणि त्यांच्यासाठी स्थानिकांना बरेच करता येते. माळटिटवी उन्हाळ्यात मुरमातल्या किंचित खोलगट जागी बहुधा चार अंडी घालते. खड्यांसारखीच रंगाची, ठिपक्यांची ती अंडी दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. ती चिरडायला एक दुचाकी किंवा फोटोसाठी गवतात घातलेली जीप पुरे होते. म्हणून गाडी चाकोरीतच ठेवावी, टिटवी ओरडून अंगावर येऊ लागली की मागे फिरावे आणि घरट्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर फेकल्या की मोकाट कुत्री जमतात आणि पिल्ले त्यांच्या तोंडी जातात. त्या पुरून टाकणे हा साधा उपाय आहे. कुसळ जाळण्यासाठी वणवा लावू नये.

धनगरांच्या मेंढ्यांना सरसकट बंदी करणेही बरोबर नाही. आळीपाळीने चराई झाली तर कुठे गुडघाभर, कुठे बोटभर असे गवत राहते. धाविकाला आखूड गवत लागते, तणमोराला उंच. कोणता पट्टा केव्हा राखायचा हे मेंढपाळ आणि ग्रामसभा मिळून ठरवू शकतात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गायरानावरील पक्षी, गवते आणि त्यांचे हंगाम लिहिले गेले, तर गायरान दुसऱ्या कामासाठी मागितले जाते तेव्हा दाखवायला हातात कागद असतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांचाही असाच उपयोग होतो. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. गावातल्या तरुणांना वाटाड्याचे काम मिळाले तर माळ राखण्यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो.